डाएट चालू आहे आणि सारखी थंडी वाजतेय? शरीर आतून लोडशेडिंग करतंय

एप्रिल महिना, पुणे, दुपारचे साडेतीन, बाहेर ३९ डिग्री, आणि मी ऑफिसात शाल गुंडाळून बसलेली. एसी २४ वर होता, बाकीचे सगळे अजून कमी करा म्हणून मागे लागलेले आणि माझी बोटं कीबोर्डवर बधिर पडलेली. तोवर चार महिन्यांत मी ८४ वरून ७१ किलोवर आले होते, लोक विचारायचे काय केलंस म्हणून, आणि खरं सांगते, थंडी वाजते म्हणजे चरबी वितळतेय, चांगलंच आहे की, असं मला मनापासून वाटायचं.

मग एका रविवारी नाशिकला आईकडे गेले. तिने गाळलेला चहा स्टीलच्या पेल्यात ओतला आणि मी तो पेला ओट्यावरून सरळ दोन्ही तळव्यांत धरून उचलला. "अगं भाजेल, फडक्याने धर!" ती ओरडलीच. मला भाजत नव्हतं, उलट पहिल्यांदा हातांना बरं वाटत होतं. तिने पेला बाजूला ठेवला, माझी बोटं हातात घेतली आणि म्हणाली, "बर्फ झालेत गं हात. दिवसभर खातेस तरी काय?" मी सांगितलं, सकाळी ग्रीन टी, दुपारी एक फुलका आणि काकडी-टोमॅटो, संध्याकाळी मूठभर मखाणे, रात्री सूप. ती काहीच बोलली नाही, नुसती हात चोळत बसली.

त्यानंतर मी डॉक्टरकडे गेले, तपासण्या केल्या, बरंच वाचलं, आणि हा सगळा प्रकार डोक्यात नीट बसला. तो इथे सोप्या भाषेत लिहितेय कारण माझ्या ओळखीतल्या निदान चारपाच जणी आत्ता हेच सोसतायत आणि त्यांना वाटतंय की हे असंच असतं.

आधी मुळात शरीरात उष्णता येते कुठून ते बघू. आपण काही न करता नुसते पडून राहिलो तरी हृदय चालू असतं, मेंदू, लिव्हर, किडन्या चालू असतात, आणि या सगळ्या कामात जी ऊर्जा खर्च होते ती शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. दिवसाला २००० कॅलरी खर्च करणारा माणूस म्हणजे साधारण १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब समजा, तेवढी उष्णता तो चोवीस तास बाहेर टाकत असतो. (लग्नाच्या छोट्या हॉलमध्ये पंखे चालू असून गुदमरायला का होतं ते यावरून कळेल, दोनशे माणसं म्हणजे दोनशे बल्ब.) या खर्चातला साठ ते सत्तर टक्के भाग नुसतं जिवंत राहण्याचा असतो, त्यालाच बीएमआर म्हणतात, उरलेला हालचालीचा आणि थोडा अन्न पचवण्याचा.

आता इथे एक प्रश्न हमखास येतो, मलाही पडला होता. अंगावर एवढी चरबी शिल्लक आहे, ती जळतेय म्हणूनच तर वजन उतरतंय, मग जळण आहे तर ऊब का नाही?

उत्तर असं की चरबी जळतेच आणि तिच्यातून उष्णताही निघते, पण शरीर एकूण खर्चच कमी करतं. शंभरचा बल्ब ऐंशीवर आणून ठेवतं. जुन्या काळची घरातली बाई कशी, कणगीत धान्य दिसत असलं तरी पाऊस लांबला की आधीच हात आखडता घ्यायची, दोन भाकरीच्या जागी दीड करायची, कणगी रिकामी व्हायची वाट बघत नव्हती. शरीराचं अगदी तसंच आहे, त्याला ठाऊक नाही की तुम्ही भाचीच्या लग्नातल्या साडीसाठी डाएट करताय, त्याला एवढंच कळतं की बाहेरून येणारं अन्न अचानक निम्म्यावर आलंय.

हे त्याला सांगतं कोण? एक आहे लेप्टिन नावाचं हार्मोन, ते १९९४ साली सापडलं. ते चरबीच्या पेशींतून निघतं आणि कणगीत किती आहे याची खबर मेंदूला देतं, पण गंमत म्हणजे खाणं एकदम कमी केलं की चरबी फारशी कमी व्हायच्या आधीच, काही दिवसांतच, लेप्टिन झपाट्याने खाली येतं. म्हणजे कणगी भरलेली असूनही धोक्याची सूचना जाते. दुसरं थायरॉइडचं. थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी४ बनवते आणि ते लिव्हरमध्ये आणि इतर ठिकाणी टी३ मध्ये बदलतं, खरं काम करणारं हे टी३. खाणं फार कमी झालं की हे बदलणं मंदावतं आणि टी३ कमी होतं, म्हणजे सगळ्या पेशींची शेगडी बारीक. यात टीएसएच, म्हणजे थायरॉइडसाठी नेहमी बघतात तो रक्तातला आकडा, बऱ्याचदा नॉर्मलच येतो, म्हणून रिपोर्ट हातात घेऊन माणूस म्हणतो थायरॉइड तर बरोबर आहे मग मी का कुडकुडतोय. माझंही अगदी असंच झालं होतं.

आणि मग येतं लोडशेडिंग. ज्यांनी महाराष्ट्रात आठ-आठ, बारा-बारा तासांचं लोडशेडिंग काढलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको. वीज कमी पडली की हॉस्पिटलची लाइन चालू ठेवायची आणि गावाकडचा फीडर बंद करायचा. शरीराची हॉस्पिटलं म्हणजे मेंदू, हृदय, किडन्या, तिथलं तापमान ३७ च्या आसपास राहिलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. मग कापायचं कुठे तर हातपाय, नाक, कान. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून आदेश जातो, कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, गरम रक्त आत राहतं आणि बोटं गार पडतात. म्हणून थर्मामीटर लावला तर तापमान जवळजवळ नॉर्मल दिसतं आणि घरचे म्हणतात तुला काही झालेलं नाही, उगाच करतेस. उगाच नसतं ते, गार पडलेली बोटं खरोखर गार असतात, कुणीही हात लावून बघावं.

यात आणखी एक साधी गोष्ट मिसळते. कातडीखालची चरबी ही गोधडी आहे. ती पातळ झाली की आतली ऊब लवकर बाहेर जाते, आणि शरीरच लहान झालं म्हणजे बल्बही लहान झाला. एवढ्याने जी थोडी जास्त थंडी वाजते ती सगळ्यांनाच वाजते, दहाबारा किलो कमी झालेल्या माणसाला डिसेंबरमध्ये पूर्वी लागत नव्हता तो स्वेटर लागला तर त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. मी बोलतेय ते एप्रिलमधल्या शालीबद्दल.

हे सगळं किती टोकाला जाऊ शकतं ते एका प्रयोगात फार स्पष्ट दिसलंय. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात लाखो लोक उपाशी होते आणि उपाशी माणसाला पुन्हा खाऊ कसं घालायचं हे कुणाला धड माहीत नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये ३६ तरुण घेतले. हे सगळे युद्धात शस्त्र हातात घ्यायला तत्त्व म्हणून नकार दिलेले, आणि कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून स्वतःहून उपाशी राहायला तयार झालेले. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत त्यांना ठेवलं. पहिले १२ आठवडे पोटभर, मग २४ आठवडे दिवसाला साधारण १५७० कॅलरी, बटाटे, सलगम, ब्राउन ब्रेड, मॅकरोनी असलं जेवण, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं.

सहा महिन्यांत त्यांचं वजन सुमारे पाव भाग उतरलं आणि बीएमआर जवळजवळ ४० टक्क्यांनी खाली आला, त्यातला काही भाग शरीर लहान झाल्यामुळे आणि उरलेला शरीराने केलेल्या काटकसरीमुळे. नाडी मंद झाली. आणि थंडी! ऐन जुलैच्या उन्हाळ्यात ही मुलं जास्तीची पांघरुणं घेऊन झोपत. सूप आणि कॉफी त्यांना कढत, अजून कढत लागायची, आणि नोंद अशी आहे की गरम ताटल्या ते न कळवळता हातात धरायचे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईच्या ओट्यावरचा तो पेला डोळ्यासमोर आला आणि खरंच पोटात कालवलं. मी सहा महिने कुणाच्या प्रयोगात नव्हते, मी आपली घरात बसून, जिममधून मिळालेल्या एका १००० कॅलरींच्या चार्टवर, आणि ऐपत असताना, फ्रिज भरलेला असताना हे स्वतःवर करत होते.

तुलना अर्थात तंतोतंत नाही. ती मुलं मुळात सडपातळ होती, पुरुष होती, खूप चालत होती, माझ्यासारख्या ८४ किलोच्या बैठं काम करणाऱ्या बाईला १५७० म्हणजे उपासमार नाही. पण माझा १००० चा चार्ट प्रत्यक्षात ८००-८५० च भरत होता, कारण एखाद दिवशी फुलका सोडला की मला अभिमान वाटायचा.

अन्न पचवण्यातही उष्णता निघते हे वर ओझरतं आलं, पण त्याकडे नीट बघण्यासारखं आहे. प्रोटीनमधून जेवढ्या कॅलरी मिळतात त्यातल्या २० ते ३० टक्के ते पचवण्यातच खर्च होतात, पोळी-भात-भाकरीसारख्या कार्बच्या ५ ते १० टक्के, आणि तेल-तुपाच्या जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे उसळ, अंडी, पनीर, मासे, चिकन असं खाल्लं की जेवणानंतर तासा-दोन तासात अंगात जी ऊब येते ती खरी असते. आता माझं जेवण आठवा, काकडी, टोमॅटो, पाणीदार सूप, मखाणे. त्यात प्रोटीन होतं कुठे?

इथे आपल्याकडचा उष्ण-थंडचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. थंडी वाजते म्हटल्यावर मावशीने सांगितलं सुंठ घाल, मिरी घाल, उष्ण पदार्थ खा. सुंठ, मिरची, मिरी यांनी जिभेतले आणि कातडीतले उष्णता ओळखणारे सेन्सर जागे होतात आणि कातडीकडे रक्त धावतं, त्यामुळे गरम वाटतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, पण घाम फुटणं म्हणजे शरीर उष्णता बाहेर टाकतंय. त्याने बल्ब मोठा होत नाही. पण बाजरीची भाकरी, तीळगूळ, शेंगदाण्याची चटणी, अळिवाचे लाडू, हे थंडीतले पदार्थ आजीने ठरवले त्यात फार शहाणपण आहे असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात भरपूर कॅलरी आहेत आणि बाजरीत, तिळात, अळिवात लोह आहे. नुसती सुंठ उचलली आणि भाकरी ताटातून काढली तर त्यातलं कामाचं तेच गेलं.

लोह म्हटलं म्हणून, ही गोष्ट मला सगळ्यात कळकळीने सांगायचीय. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला. म्हणजे डाएट सुरू करणाऱ्या दोघींपैकी एकीचं रक्त आधीच कमी असतं आणि वर ती जेवण निम्मं करते. लोह कमी म्हणजे हिमोग्लोबिन कमी, पेशींना ऑक्सिजन कमी, शेगडीला वारा मिळत नाही, आणि लोहाची कमतरता असेल तर थायरॉइडचं कामही मंदावतं, त्यामुळे अशा माणसाला गारठ्यात शरीराचं तापमान टिकवणं अवघड जातं. माझं हिमोग्लोबिन १०.४ निघालं, बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ८. पंधराच्या खाली साठा संपल्यातच जमा धरतात. जिने चढताना धाप लागायची ती मी वजनाच्या नावावर टाकली होती, केस गळायचे ते पुण्याच्या पाण्यावर.

तर सारखी थंडी वाजत असेल तर सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं), फेरिटिन, टीएसएच आणि बी१२ एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. बी१२ यासाठी की आपल्यात शाकाहारी खूप, आणि ते कमी असेल तर हातापायांना मुंग्या, बधिरपणा येतो. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, डाएटमध्ये केस गळायला लागले म्हणून बऱ्याच जणी बायोटिनच्या गोळ्या चालू करतात, तर त्या बायोटिनने काही लॅबमधल्या थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, टीएसएच असतं त्यापेक्षा कमी दिसू शकतं, म्हणजे मंद थायरॉइड लपून राहतं. रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना गोळीबद्दल सांगा, ते काही दिवस बंद करायला सांगतील.

मी मग काय केलं? डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आहारतज्ज्ञ बाईंनी मला पहिल्याच भेटीत १००० वरून १५०० वर आणलं. मला रडूच आलं, वाटलं सगळं वजन परत येणार. पहिल्या आठवड्यात काटा एक किलोने वर गेलासुद्धा, ते पाणी होतं, शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे कार्बच्या साठ्यासोबत, तीनेक ग्रॅम पाणी बसतं, पण हे माहीत नसेल तर माणूस तिथेच घाबरून पुन्हा उपाशी राहतो. दोन्ही जेवणांत प्रोटीन आलं, कधी मटकीची उसळ, कधी दोन अंडी, कधी पिठलं आणि दही, भाकरी परत आली. चहा जेवणाला लागून घ्यायचा बंद केला कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, उसळीवर लिंबू पिळायला लागले कारण त्याने उलट मदत होते, आणि आईची लोखंडी कढई मागून आणली. कढईतली भाजी थोडी काळी होते, होऊ दे.

व्यायामात मी फक्त चालत होते ते सोडून आठवड्यातून तीनदा वजनं उचलायला लागले. इथे सोशल मीडियावर फार अतिशयोक्ती चालते की मसल वाढवा म्हणजे बसल्या बसल्या कॅलरी जळतील, तर एक किलो स्नायू आरामात दिवसाला साधारण १३ कॅलरी खातो, एक किलो चरबी साडेचार, एवढाच फरक. खरा फायदा असा की उपाशी डाएटमध्ये चरबीसोबत स्नायूही जातात ते थांबतं, आणि हलणारा स्नायू ही शरीरातली सगळ्यात मोठी शेगडी आहे. हुडहुडी म्हणजे तरी काय, ऊब हवी म्हणून शरीराने स्नायू जबरदस्तीने हलवणं. खाणं कमी पडलं की आपण नकळत कमी हलतो, पाय हलवणं, उठून पाणी आणणं, बोलताना हातवारे, हे सगळं बंद पडतं आणि माणूस अजून गारठतो. ऑफिसात आता मी तासाला एकदा जिन्याने दोन मजले खाली-वर करते, बोटं दहा मिनिटांत गरम होतात, शालीने व्हायची नाहीत.

थंडी साधारण सहासात आठवड्यांनी कमी व्हायला लागली, एकदम नाही, आधी रात्रीची गेली मग दुपारची. वजन आता आठवड्याला तीनचारशे ग्रॅमने उतरतं. सावकाश आहे, पण हे मी टिकवू शकते. अमेरिकेतल्या एका टीव्ही शोमध्ये प्रचंड वेगाने वजन कमी केलेल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला होता, सहा वर्षांनंतरही त्यांचा आरामातला रोजचा खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. तेवढं टोकाचं तुमचं-माझं होईलच असं नाही, पण घाई करायची माझी इच्छा त्या आकड्याने पार गेली.

थंडीसोबत पाळी लांबली किंवा बंद झाली, उठल्यावर अंधारी येते, नाडी फार मंद लागते, अंगावर बारीक लव वाढायला लागली, किंवा जेवणाची भीती वाटायला लागली, तर हे डाएटच्या पलीकडे गेलंय, लगेच डॉक्टरकडे जायचं, आणि घरात मुलगी असेल तर तिला ओरडायचं नाही, सोबत जायचं. गारठ्यात बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल होत असतील तर तो रेनॉड नावाचा वेगळा प्रकार असू शकतो. भूक मारणारी वजनाची इंजेक्शनं घेणाऱ्यांनीही लक्ष ठेवा, भूकच लागत नाही म्हणून दिवसभरात पाचसहाशे कॅलरी पोटात गेल्या हे कळतही नाही.

आणि घरात वडीलधारे डाएटवर असतील, डायबिटीस असेल, तर थोडं जास्त जपा. बीपीच्या काही गोळ्यांनी, बीटा ब्लॉकर म्हणतात त्यांनी, हातपाय गार पडतात, तेव्हा सगळं खापर जेवणावर फोडू नका आणि गोळी मनाने बंद करू नका. डायबिटीसमध्ये पायांची जाणीव कमी झालेली असू शकते, पाय गार लागतात म्हणून रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपतात आणि सकाळी फोड दिसतो, तोवर काही कळलेलं नसतं. माझ्या सासऱ्यांना असंच झालं होतं, जखम भरायला अडीच महिने लागले. त्यांच्यासाठी आता पिशवी काढून टाकलीय, जाड लोकरीचे मोजे आहेत आणि झोपायच्या आधी मी त्यांचे तळवे हातानेच चोळून देते.